मोगरी काढायची वेळ

३ मार्च

डॉक्टरबाईंनी फर्मान काढलंय, रोज उजव्या हाताने दहा ओळी लिहायच्या. रबरी चेंडू दाबून दाबून वीट आला म्हणालो, तर म्हणाल्या, मग लिहा. काय लिहू? म्हणे मनात येईल ते. त्रेसष्ट वर्षं मनात आलेलं तोंडाने बोलून मोकळा होत आलोय, लिहायला शिल्लक काय राहणार!

तरी लिहितो. मी कलियपेरुमाळ. आमच्या देवळाच्या रथाला एकतीस वर्षं मोगरी, म्हणजे चाकापुढे घालायची दांड्याची लाकडी पाचर, लावली. त्यातली एकोणीस वर्षं मोगरीवाल्यांचा मेस्त्री होतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय परत आला. हात अर्धाच आलाय. धरतो, पण धरलेलं सोडत नाही. सकाळी लोटा धरला की डाव्या हाताने एकेक बोट उकलावं लागतं.

एवढ्याला पाऊण तास लागला.

५ मार्च

अक्षर बघून तेनमोळी हसली. तेनमोळी म्हणजे माझी नात, पाचवीत आहे. "ताता, हे कोंबडीने लिहिलंय का?" म्हणाली. आईवर गेलीये, जीभ तिखट.

तिची आई अंजुगम, माझी सून. माझा मुलगा अरिवळगन जाऊन चार वर्षं झाली. बायपासवर, मोटरसायकलवर. त्यावर जास्त लिहीत नाही.

घरात आम्ही तिघं. घराचा कर्ता मी. अंजुगम सकाळी नऊ ते रात्री आठ कापडाच्या दुकानात उभी असते, आणि त्याआधी पहाटे गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. जाण्यापूर्वी माझ्या शर्टाची बटणं लावते, दहीभात कालवून डबा बंद करून ठेवते, गोळ्या वारांप्रमाणे मांडते. मी तिला सांगितलंय, मी असेपर्यंत तू काळजी करायची नाहीस.

९ मार्च

अंजुगम सरकारी परीक्षा पास झाली. कारकुनाची. केव्हा अभ्यास केला कोण जाणे! मशीनवर पाय चालू असताना समोर पुस्तक उघडं असायचं, मला वाटायचं कापडाचे नमुने बघतेय.

मी लाडू आणायला तेनमोळीला पिटाळलं. मग अंजुगमने बाकीचं सांगितलं. बावीस एप्रिलला चेन्नईत कागद तपासणार आहेत. तिने अर्ज भरलाय तो निराधार विधवांच्या राखीव जागेवर. तसा दाखला महसूल खात्याकडून आणायचा. तो नसेल तर तिचा नंबर लागत नाही.

"आणि नेमणूक कुठे?" मी विचारलं.

"कुठेही, मामा. धर्मपुरी, कोइमतूर, जिथे जागा असेल तिथे."

"आणि तेनमोळी?"

"ती माझ्याबरोबरच ना."

लाडू आणलेले दोन राहिले. मला गोड चालत नाही.

१२ मार्च

आज दोनच ओळी. हात दुखतोय. हात दुखत नाहीये, लिहावंसं वाटत नाहीये.

१८ मार्च

तलाठीबाई चौकशीला आल्या होत्या. तिशीच्या आतली पोरगी, डोक्यावर ऊन, हातात फाईल. अंजुगम दुकानात. मी ओट्यावर बसवलं, ताक दिलं. बाईंनी विचारलं, "आजोबा, तुमच्या सुनेला आधार कुणाचा?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझ्या ओट्यावर बसून, माझं ताक पिऊन मला विचारते आधार कुणाचा! म्हणालो, "बाई, या घरात कुणी निराधार नाही. मी मेलो नाहीये अजून."

"तसं नाही आजोबा, दाखल्यासाठी विचारावं लागतं."

"मग लिहा, सासरा धडधाकट आहे, सुनेला नातीला पोटाशी धरून आहे."

त्यांनी लिहून घेतलं. निघताना माझ्या शर्टाकडे बघत होत्या. आज अंजुगम घाईत गेली होती, बटणं एक घर सोडून लागली होती. ते मला नंतर दिसलं.

गावात आमच्या घराला मान आहे. रथ निघताना पहिलं मुंडासं आमच्या घराला बांधतात. त्या घरची सून निराधार असं सरकारी शिक्क्यानिशी कागदावर येऊ द्यायचं? मी केलं ते योग्यच केलं. कुणीही हेच केलं असतं.

१९ मार्च

अंजुगमला कळलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मशीन थांबवून म्हणाली, "मामा, तुम्ही असं कसं सांगितलंत?"

"खोटं सांगू? तुला आधार नाही म्हणू?"

तिने मशीनखालचे दोऱ्याचे तुकडे गोळा केले, उठून केरात टाकले आणि परत बसली. "परत चौकशी लावायला अर्ज करते. या वेळी खरं काय ते सांगा."

"आधी रथ होऊ दे. मग बघू."

रथ नऊ एप्रिलला आहे. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

२७ मार्च

दुपारी फोन आला. दुकानात तिला फोन जवळ ठेवू देत नाहीत म्हणून अर्जावर तिने माझाच नंबर दिलाय. तलाठीबाईच होत्या; धरलेला फोन हातातून सुटत नाही म्हणून मी स्पीकरवरच बोलतो. म्हणाल्या, आजोबा, तुम्हाला घेऊन सुनेला चार तारखेपर्यंत यायला सांगा. तुमचा जबाब परत घेते. नाहीतर आधीचाच अहवाल वर जाईल.

बरं म्हणालो.

रात्री अंजुगम थकून आली होती, पाय सुजलेले. म्हटलं, जेवू दे बिचारीला. जेवण झाल्यावर ती मशीनवर बसली. म्हटलं, काम करतेय, कशाला मध्ये बोला. सांगायचं राहून गेलं.

२९ मार्च

अजून आठवडा आहे.

३० मार्च

मोगरीचा अपमान झाला. माझ्याच घरात.

तेनमोळीला गृहपाठ होता, वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. पाचवा होता 'मुट्टुक्कट्टै पोडुदल', म्हणजे मोगरी लावणे. मी म्हटलं, वा! हे कुणाला विचारायला जायला नको. तिला पोटभर सांगितलं. रथ चार मजली, त्याला ना ब्रेक ना सुकाणू. दोराला दोन हजार माणसं, ती फक्त ओढणार. वळवायचं, थांबवायचं ते आम्ही. चाकासमोर तिरकी मोगरी सरकवली की चाक तिच्या अंगावरून घसरतं आणि रथाचं तोंड फिरतं. एक बोट चुकलं तर रथ कुणाच्या तरी घरात. मोगरीवाले नसते तर रथातले स्वामी पूर्व वीथीच्या पहिल्याच कोपऱ्यावर शिंप्याच्या दुकानात शिरले असते!

पोरीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ताता, बाईंनी अर्थ वेगळा सांगितलाय. 'मुद्दाम कुणाच्या प्रगतीच्या आड येणे.'"

"मला का शिकवतेस? लोक असं म्हणतात ते मलाही माहीत आहे. चुकीचं म्हणतात."

"पण पेपरात तेच लिहायचं."

"तुझ्या बाईंना म्हणावं, एकदा चाकापुढे उभ्या राहा."

"बरं. वाक्य मी माझं माझं करते." असं म्हणून वही घेऊन आत गेली. नेहमी माझ्याजवळ बसून लिहिते.

एकतीस वर्षं जिवावर उदार होऊन आम्ही चाकाखाली हात घालायचे आणि लोकांनी त्याची शिवी करून ठेवायची. सगळी संध्याकाळ डोकं भणभणत होतं.

४ एप्रिल

आज चार तारीख.

अंजुगमने सकाळी बटणं लावताना विचारलं, "मामा, कचेरीतून काही फोन?" मी म्हटलं, "रथाच्या गडबडीत आहेत सगळे." हे खोटं नाही. गडबडीत आहेतच.

तेनमोळी तिथेच वेणी घालत होती. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस तारखेला दुपारी ती घरात होती का? शनिवार नव्हता. पण ताप होता तिला, शाळेत गेली नव्हती. पलीकडच्या खोलीत झोपली होती. झोपली असेलच.

५ एप्रिल

तारीख टळली. वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. सकाळपासून घास उतरत नाही. अंजुगमने रसमभात मऊ करून दिला आणि म्हणाली, "डॉक्टरबाईंकडे जाऊ या का?" मला रडू आलं. झटक्यानंतर असं रडू येतं म्हणे, उगीचच.

खरं एकदा लिहून टाकतो, ही वही कोण वाचतंय. त्या दोघी गेल्या तर हे घर कुणाचं? मी आणि कॅलेंडर.

७ एप्रिल

सन्नासी आला होता. माझ्या हाताखाली शिकलेला, आता तोच मेस्त्री. ताटात पानसुपारी घेऊन रीतसर बोलवायला आला. "मेस्त्री, मुंडासं तुम्हालाच बांधायचं. पहिली मोगरी तुमच्या हातची, नुसती टेकवायची, पुढचं आम्ही बघतो."

"नुसती टेकवायची म्हणजे? मी काय शोभेचा बाहुला?"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांनी हाताला काम द्या सांगितलंय."

तो हसला. कपाळावरच्या आठ्या मात्र तशाच होत्या.

९ एप्रिल

डाव्या हाताने लिहितोय. उजवा बांधलाय.

सकाळी साडेसहाला मुंडासं बांधलं, नारळ फुटला, ढोल वाजले, मी पहिली मोगरी टेकवली. एवढ्यावर घरी यायला हवं होतं. अंजुगमने आज दुकानातून अर्धी रजा काढली होती, पोरीला घेऊन रत्तिनमच्या चहाच्या टपरीपाशी उभी होती. म्हणाली, "मामा, चला, ऊन वाढतंय." मी नाही म्हटलं.

पूर्व वीथी, दक्षिण वीथी रथ सरळ आला. मी चाकाच्या बाजूने चालत होतो. पश्चिम वीथीच्या टोकाला वळण अवघड, रस्ता उताराचा, डाव्या हाताला घरं. रथाला वेग आला. सन्नासी मोगरी तयार धरून होता, पण लावत नव्हता. मला वाटलं, याला दिसत नाहीये! रथ चालला! सगळं हातातून चाललं! शेजारच्या गड्याच्या हातातली मोगरी हिसकावली आणि चाकापुढे घातली.

चार हात आधी घातली. तीही सरळ. एवढी चूक नवशिका करत नाही.

रथ आडवा रुतून उभा राहिला. वरचा कळस एवढा हलला की बायका किंचाळल्या. सन्नासी ओरडत होता, "मेस्त्री, सोडा! हात काढा!" मला सोडायचं होतं. खरंच सोडायचं होतं. दांडा धरलेला हात उघडेना. चाक मोगरीवर करकरत होतं आणि माझा हात दांड्यावर. सन्नासीने खाली बसून माझी बोटं एकेक करून उकलली आणि मला कंबरेला धरून मागे ओढलं. दोन बोटं चिरडण्यापासून वाचली. मनगट मुरगळलं.

मोगरी चाकाखाली अशी दाबली गेली की घण घालून निघेना. शेवटी तोडून काढली. दीड तास स्वामी उन्हात उभे. दोर हातात धरलेली दोन हजार माणसं बसून राहिली. कुणीतरी दोराकडून ओरडलं, "काय मेस्त्री, देवालाही मोगरी लावलीत का?" आणि हशा पिकला. दरवर्षी हा विनोद कुणी ना कुणी करतंच. आज मला मान वर करवली नाही.

सन्नासी माझ्याजवळ येऊन बसला, घामाने निथळत. वाटलं, शिव्या देईल. हळू आवाजात म्हणाला, "मोगरी लावायला दोन महिन्यांत येते, काढायची वेळ कळायला जन्म जातो. तुम्हीच शिकवलंय मेस्त्री. मला थोबाडीत मारून शिकवलंय."

रथ ठाण्यावर पोचला तेव्हा दिवे लागले होते. अंजुगमने हाताला तेल लावून पट्टी बांधली.

१० एप्रिल

दोघीही बाहेर गेल्यावर तेनमोळीची वही काढून पाहिली. का काढली माहीत नाही. माहीत आहे.

पाचवा वाक्प्रचार. अर्थ बाईंनी सांगितलेला. खाली तिच्या गोल अक्षरात वाक्य: 'माझ्या आईच्या नोकरीला माझ्या आजोबांनी मोगरी लावली.'

पुढे लाल शाईने बरोबरची खूण. आणि शेरा, 'छान.'

बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसलो होतो. पोरीला फोनचं माहीत होतं. चौदा दिवस आईजवळ बोलली नाही. मला वाचवायला, की माझी वाट बघत? दहा वर्षांच्या पोरीने तोंड दाबून हे सांभाळलं आणि सांगायला जागा शोधली ती कुठे, तर गृहपाठाच्या वहीत.

११ एप्रिल

अंजुगमला सांगितलं. फोन आला होता, सत्तावीसला. चार तारखेपर्यंत जायचं होतं. मी सांगितलं नाही.

"विसरलात?"

इथे 'हो' म्हणायला जागा होती. ती तिनेच करून दिली होती.

"नाही," मी म्हटलं. "विसरलो नाही."

ती पायरीवर बसली. तेनमोळी दारात उभी. अंजुगम म्हणाली, "मामा, तुमचा मुलगा गेला तेव्हा माझे भाऊ न्यायला आले होते. मी गेले नाही. तुम्ही एकटे पडाल म्हणून. तुम्हाला काय वाटलं, मला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून इथे राहिले?"

मला तसंच वाटत होतं. चार वर्षं वाटत होतं, मी तिला ठेवून घेतलंय.

संध्याकाळी ताट वाढलं आणि मशीनवर जाऊन बसली.

१५ एप्रिल

तमिळ नववर्षाची सुट्टी संपली आणि सकाळी सन्नासीच्या मोटरसायकलवर बसून तलाठीबाईंकडे गेलो. अरिवळगन गेल्यापासून मोटरसायकलवर बसलो नव्हतो. डोळे मिटून घेतले होते.

बाई म्हणाल्या, "आजोबा, अहवाल वर गेला."

"मग मी पण वर जातो."

तालुक्याच्या कचेरीत दुपारपर्यंत बाकावर बसलो. साहेबांनी आत बोलावलं, म्हणाले, "आधी म्हणालात सुनेला तुमचा आधार आहे. आता म्हणता नाही. कोणतं खरं?"

म्हटलं, "कागद द्या, लिहून देतो." ते म्हणाले, अंगठा चालेल. मी म्हटलं, अंगठा नको. सन्नासी लिहून देतो म्हणाला, त्यालाही नको म्हटलं. पट्टी सोडली आणि उजव्या हाताने लिहिलं. सव्वा तास लागला. साहेब मधे चहा पिऊन आले. अक्षर कोंबडीचंच. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो.

'मी कलियपेरुमाळ. माझी सून अंजुगम हिला कुणाचा आधार नाही. मी तिला आधार आहे असं सांगितलं ते खोटं आहे. ती शिवते त्यावर घर चालतं. माझी औषधं तीच आणते. माझ्या शर्टाची बटणं तीच लावते. मला तिचा आधार आहे. तिला माझा नाही. ती जाऊ नये म्हणून मी खोटं बोललो.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "शेवटची ओळ नसली तरी चाललं असतं," म्हणाले.

"असू द्या," मी म्हटलं.

त्या ओळीखाली सन्नासीने साक्षीदार म्हणून सही केली. बाहेर आल्यावर त्याने गाडी सुरू केली, माझ्याकडे न बघता म्हणाला, "घट्ट धरा मेस्त्री." मग स्वतःच म्हणाला, "घट्ट नको, नुसतं धरा."

१८ एप्रिल

दाखला आला. अंजुगमने देवापुढे ठेवला. माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते. बटणं मी स्वतः लावायला सुरुवात केलीये. आज तीन लागली.

२१ एप्रिल

सकाळी साडेसहाची चेन्नईची बस. दोघी निघाल्या. आत्ता फक्त कागद तपासायला, तीन दिवसांत परत येतील. पण नेमणूक झाली की एक दिवस हीच बस असणार, आणि तेव्हा ट्रंका असणार. ते मलाही कळतं, तिलाही.

डबा मीच नेला होता. चिंचेचा भात तिनेच केलेला, मी फक्त हातात धरून स्टँडपर्यंत आलो. खिडकीतून दिला. तेनमोळी म्हणाली, "ताता, गोळ्या. निळी दुपारची."

"माहीत आहे गं, मेस्त्रीला शिकवू नकोस."

अंजुगमने इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. शर्टाकडेही पाहिलं. चार बटणं लागली होती, वरचं उघडं होतं. तिने खिडकीतून हात काढला, ते लावायला. मग थांबली आणि हात परत आत घेतला.

"येते, मामा," म्हणाली.

आमच्याकडे जाताना 'जाते' कुणीच म्हणत नाही, 'येते' असंच म्हणतात. तरी मी ते शब्द नीट ऐकून घेतले.

कंडक्टरने शिट्टी वाजवली आणि बस हलली. तेव्हा लक्षात आलं, माझा उजवा हात खिडकीच्या गजावर आहे. घट्ट. बस दोन पावलं गेली, मीही दोन पावलं गेलो. तेनमोळी ओरडली, "ताता!"

डाव्या हाताने करंगळी उकलली. मग तिच्या शेजारचं, मग मधलं, मग तर्जनी. अंगठा आपला आपणच सुटला. बस गेली.